एकरकमी चाळीस तास

महाडच्या बसडेपोत मी एकतीस वर्षं मेकॅनिक होतो. त्यातली निम्मी गाड्यांखाली पाठीवर झोपून गेली. पन्नाशी उलटल्यावर मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि त्याच वर्षी पोलादपूरजवळची आमची दोन एकर जमीन महामार्गाच्या रुंदीकरणात गेली. मोबदला माझ्या आणि थोरल्या भावाच्या जोडखात्यावर जमा झाला. दोघांपैकी कुणाचीही एक सही चालायची.

भाऊ मुंबईला असतो. गणपतीला आणि शिमग्याला चार-चार दिवस गावी येतो आणि आम्ही कसं जगावं ते सांगून जातो.

मला विमान चालवायला शिकायचं होतं. नोकरीसाठी नव्हे, त्याचं वयही गेलं होतं. खासगी वैमानिकाचा एक परवाना असतो, तो काढला की स्वतःपुरतं छोटं विमान उडवता येतं. ही इच्छा जुनी होती. एकदा कशेडीत दरड पडली, तेव्हा बंद पडलेली बस ओढायला गेलेले आम्ही मधेच अडकलो. सकाळपासून दुपारपर्यंत ट्रकांच्या रांगेत जागचे हललो नाही. तेवढ्यात एक हेलिकॉप्टर डोंगरावरून आलं आणि आमचा चहा गाळून होईपर्यंत पलीकडे दिसेनासं झालं. वरून आपण कसे दिसत असू, हा विचार तेव्हापासून डोक्यातून गेला नाही. हे मी आयुष्यात दोनच माणसांना सांगितलं होतं, बायकोला आणि भावाला. बायकोला सांगितलं ती चूक नव्हती.

भावाचा फोन आला. "तुझं काम केलंय मी. संडेला महाडला सेमिनार हाय, फ्लाइंगवाल्यांचा. जाऊन ये. देख, चान्स बार बार नाय येत."

सेमिनार एका लग्नाच्या हॉलमध्ये होता. स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नाची सुकलेली फुलं तशीच होती. समोर बारा-पंधरा माणसं, दोन बिल्डर, कारखान्यातला एक ठेकेदार आणि बाकीचे माझ्यासारखे, ज्यांची जमीन नुकतीच रस्त्याखाली गेलेली. कुणाच्या खात्यावर पैसे आलेत याची यादी त्या लोकांकडे असावी, असं मला तेव्हाच वाटलं.

बोलायला उभा राहिलेला तिशीतला माणूस स्वतःला काउन्सेलर म्हणवत होता. अंगात ब्लेझर, कपाळावर घाम. मागच्या पडद्यावर निळ्या समुद्रावरून जाणारं विमान. त्यांचं विमानांचं मैदान मात्र घाटावर होतं, समुद्रापासून दीड-दोनशे किलोमीटर लांब. तो म्हणाला, "सर, आकाशाला वय नसतं." पुढच्या रांगेतल्या ठेकेदाराने टाळी वाजवली. ब्रेकच्या लायनीत हवा राहिली की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. या माणसाचं बोलणं तसं होतं. कितीही दाबा, खाली काही लागत नव्हतं.

चाळीस तासांचं प्रशिक्षण, बारा लाख रुपये. आठ दिवसांत सगळे एकरकमी भरले तर दोन लाख सूट, शिवाय चामड्याची बॅग आणि काळा चष्मा.

मी हात वर केला. "विमानं किती?"

"चार, सर. आपली स्वतःची फ्लीट आहे."

"आज उडणारी किती?"

तो हसला. "मेंटेनन्स शेड्यूलप्रमाणे असतं, सर."

एकतीस वर्षं मी हेच उत्तर प्रवाशांना दिलं होतं. ते खोटं कधी असतं, हे मला सांगायला कुणाची गरज नव्हती.

घरी येऊन मी माहितीपत्रकाच्या मागची बारीक अक्षरं बायकोला वाचून दाखवली. भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. तास एका वर्षात न संपल्यास बाद होतील. इंधन महागलं तर फरक शिकणाऱ्याने द्यायचा. पावसाळ्यात उड्डाण होईलच असं नाही.

"म्हंजे पैसे आपले आदी, इमान त्यांचं मागनं," बायको म्हणाली. "आनि पाऊस पडला तरी आपलाच गुन्हा."

"शिकू नको म्हणतेस?"

"शिक ना. म्या कुठं नाय म्हनते? पन दुकानदाराला धा वर्साचं वाणसामानाचं पैसं आज कोन देतो?"

मी भावाला कळवलं की मी एकरकमी भरणार नाही, आधी मैदान बघून येईन. तो म्हणाला, "टोकन भरलंय मी. पन्नास हजार. तुझ्या नावाने. तू लटकवत बसशील म्हणून जॉइंट खात्याचा चेक देऊन टाकला."

मी फोन ठेवला. राग आला होताच, पण त्याहून किळस जास्त होती. शेजारच्या खोलीत बायको तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोटरसायकल काढली. वरंधचा घाट चढून भोरमार्गे मैदानावर पोचायला साडेचार तास लागले. कुंपणाच्या आत एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड, एक ऑफिस. विमानं चार होती, काउन्सेलर त्याबाबत खोटं बोलला नव्हता. एक उडत होतं. दुसऱ्याचा पंखा काढलेला. तिसरं ताडपत्रीखाली, आणि त्याच्या टायरला इतक्या चिरा की ते हललेलंच नसावं. चौथ्याच्या पोटाखाली एक माणूस झोपला होता. त्याचे फक्त पाय दिसत होते.

मी जवळ जाऊन उकिडवा बसलो. "तेल कुठून येतंय?"

पाय थांबले. "तुम्ही कोण?"

"डेपोतला मेकॅनिक. महाड."

तो बाहेर आला, साठीचा असावा, हात पुसले आणि मला बिडी दिली. पंधरा मिनिटांत त्याने सगळं सांगितलं. पंखा काढलेल्याचं इंजिन दुरुस्तीला गेलंय, यायला कमीत कमी तीन महिने. जे एक उडतं ते नोकरीसाठी मोठा परवाना काढणाऱ्या पोरांना आधी मिळतं, कारण ती पोरं जास्त पैसे देतात. हौशी लोक मागे. "त्या बाकावरचे डॉक्टर बघा," तो म्हणाला. "पुरे पैसे भरलेत. चौथा महिना. सात तास झालेत."

डॉक्टर बाकावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. पायाशी चामड्याची बॅग, डोळ्यांवर काळा चष्मा. मी विचारलं तर म्हणाले, "होतंय हळूहळू. आता एवढे भरलेत म्हटल्यावर सोडायचं कसं?" रोज पेशंटला गोळ्या मोजून लिहून देणारा माणूस. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.

ऑफिसात या विमानशाळेचे साहेब होते. मी टोकन परत मागितलं.

"ते रिफंडेबल नसतं. पॅकेजमध्ये ॲडजस्ट होईल."

"मी पॅकेज घेणार नाही."

"मग ते नोंदणी शुल्क धरलं जाईल."

त्यांनी माझा फॉर्म टेबलावर ठेवला. त्यावर एक रकाना होता, 'संदर्भ देणारी व्यक्ती'. तिथे माझ्या भावाचं नाव, त्याच्याच अक्षरात. खाली त्याचा बँक खाते क्रमांक आणि पुढे कमिशन, पाच टक्के.

मी तो रकाना दोनदा वाचला. दहा लाखांवर पाच टक्के. माझ्या भावाने मला विकलं, ते ठीक, पण किती स्वस्तात.

"साहेब," मी म्हणालो, "पन्नास हजारांत तास किती बसतात तेवढे मला उडवा. नाहीतर मी बाहेर जाऊन ताडपत्री उचलून टायरचे फोटो काढतो आणि महाडच्या त्या हॉलमधल्या प्रत्येकाला घरी नेऊन दाखवतो. माझ्याकडे वेळच वेळ आहे."

पुष्कळ घासाघीस झाली. शेवटी दोन तास मिळाले.

शिकवणारी चोवीस वर्षांची मुलगी होती. मला वाटलं, मोठ्या नोकरीसाठी हिला लागणारे उड्डाणाचे तास माझ्या पैशाने भरतायत. तसंच होतं, आणि तिने ते लपवलंही नाही. विमानात बसताना मी विचारलं, "चाळीस तासांत होतं?"

"काका, मी तरी कुणाचं झालेलं पाहिलं नाही. साठ धरा," ती म्हणाली. "आणि एकदम भरू नका. मी सांगितलं म्हणू नका."

इंजिनाचा आवाज मी कानाने तपासला. बरा होता. चाकं सुटली तेव्हा मी चक्क तिचा दंड धरला. वर गेल्यावर तिने पश्चिमेकडे वळवलं. सह्याद्रीची कड एकदम तुटलेली दिसली आणि पलीकडे खाली धुकं. त्या धुक्यात कुठेतरी शिवथरचं खोरं, आमचा तालुका. तिने विमान वळवायची कांडी माझ्या हातात दिली. दहा मिनिटं मी कुणालाही तुच्छ मानलं नाही. एवढी सवड मला बऱ्याच वर्षांत मिळाली नव्हती.

घरी परतल्यावर पहिलं काम, बँकेत जाऊन जोडखातं रिकामं केलं, भावाचा निम्मा वाटा त्याला पाठवला आणि फॉर्मवरचा तो रकाना वाचल्याचंही कळवलं. त्याचा फोन आला. "अरे, तुझा पण फायदाच होता ना! मला पाच पर्सेंट भेटले असते तर तुझं काय जात होतं?"

मी फोन कापला.

पुढे मी त्याच मैदानावर तासागणिक पैसे देऊन शिकलो. एकरकमीपेक्षा प्रत्येक तास महाग पडायचा. पण विमान नसेल त्या दिवशी पैसे माझ्या खिशात राहायचे, आणि रोख देणाऱ्याला ते लोक बाकावर बसवत नाहीत, हेही लवकरच कळलं. आगाऊ भरणारा त्यांचा झालेला असतो. डॉक्टरांचं वर्ष पावसाळ्यात संपलं. त्यांनी मुदतवाढीचे पैसे भरले आणि पुन्हा बाकावर बसले.

शिमग्याला भाऊ आला. पालखी आमच्या वाडीत थांबली तेव्हा तो माझ्यापासून दहा हात दूर उभा राहून लोकांना सांगत होता, "आमचा धाकटा पायलट बनतोय. मीच लावला त्याला. ह्याला गाव सोडून काय माहीत होतं?" लोक माझ्याकडे बघत होते. मी पालखीला खांदा द्यायला गेलो. तिथे तो कधी येत नाही, कमरेचं कारण सांगतो.

पुढच्या थंडीत एका सकाळी ती मुलगी विमानातून उतरली, दार लावलं आणि म्हणाली, "एकटे जा. एक फेरी." त्या दिवशी बायको हट्टाने सोबत आलेली होती. ती कुंपणाशी फडक्यात भाकरी बांधून बसली होती. मी उडालो, चौकोनी फेरी घेतली, उतरलो. उतरताना विमान दोनदा उसळलं. सगळं मिळून सात मिनिटं.

ऑफिसातले साहेब फोटो काढायला धावत आले. फ्रेम करून हवा असेल तर हजार रुपये, म्हणाले. मी नको म्हटलं.

बायकोपाशी गेलो. तिने माझा चेहरा नीट बघितला.

"एवडंच?" ती म्हणाली. "त्ये गोल फिरून परत हितंच?"

"एवढंच."

"आनि यासाठी तुजा भाव तुला इकायला निघाला व्हता." तिने फडकं सोडलं, अर्धी भाकरी मला दिली. "खा. थंड झाली."

आम्ही तिथेच बसून खाल्लं. मग मी ऑफिसात जाऊन पुढच्या एका तासाचे पैसे भरले आणि पावती घेतली.