भागम्माच्या खालचं नाव

नेत्रावती मॅडमना आपल्या प्रोग्रॅमचा भारी अभिमान. जनवाड्याहून रोज बसनं बिदरला यायच्या, एका खासगी पॉलिटेक्निकात पास्कल ही कॉम्प्युटरची भाषा शिकवायच्या आणि परीक्षा जवळ आली की हॉल तिकिटांची यादी कॉम्प्युटरवर काढून द्यायच्या. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. हौसेनं अंगावर घेतलेलं. प्रत्येक विद्यार्थी म्हणजे एक ऑब्जेक्ट, त्यात नंबर, नाव आणि हजेरी. सगळे ऑब्जेक्ट एका लिस्टमध्ये ओळीनं उभे. प्रोग्रॅम पहिल्यापासून एकेकाकडे बघत जाई, हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या आत दिसली की त्याला लिस्टमधून काढून टाकी. उरतील त्यांना तिकीट. कारकुनाचं दोन दिवसांचं काम दोन मिनिटांत! स्टाफरूममध्ये हे सगळ्यांना पाठ झालं होतं.

२००३ च्या परीक्षेआधी आठ दिवस संतपूरची भाग्यलक्ष्मी स्टाफरूमच्या दारात आली. हातात हॉल तिकीट.

“मॅडम, भागम्माचं तिकीट कामून न्हाई आलं?”

भागम्मा तिची चुलत बहीण, त्याच वर्गातली.

“हजेरी कमी असंल तिची.”

“व्हय की. पर माजी बी तितकीच हाय. दोगी बी संगटच गेलताव हैदराबादला, बांधकामावर. घरची समदीच गेलती. मला दिलंत, तिला बी द्या की.”

मॅडमनी हजेरीपट काढला. दोघींची एकसष्ट टक्के, नंबर पाठोपाठचे. नळावर घागरींची रांग असते. एक उचलली की मागची पुढे सरकते. लिस्टचंही तसंच. भागम्माला काढल्याबरोबर भाग्यलक्ष्मी तिच्या जागी सरकली, आणि प्रोग्रॅम ती जागा बघून झाली समजून पुढे गेला. तिच्याकडे त्यानं पाहिलंच नाही. शेवटाकडून काढत आलं असतं तर हे झालं नसतं. इतकी साधी गोष्ट, आणि शिकवणारीच चुकली.

“तुला मिळालंय न्हवं? गप घेऊन जा,” मॅडम हळूच म्हणाल्या.

“म्या एकटी कशी बसू, मॅडम?”

मॅडम तडक प्राचार्यांकडे गेल्या. सगळं कबूल केलं, दोघींनाही बसू द्या म्हणून गळ घातली.

“कारण काय दाखवू मी?” प्राचार्य म्हणाले. “तुमच्या यादीत कारणाला जागा कुठंय?”

नव्हतीच. मॅडमनीच ठेवली नव्हती. त्या दुपारी त्यांनी प्रोग्रॅम शेवटाकडून चालवला. अगदी बिनचूक चालला. भाग्यलक्ष्मीकडून तिकीट परत घेताना त्यांना मान वर करवेना. पोरगी रडली नाही, आणि तेच त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

पुढच्या वर्षी त्यांनी ऑब्जेक्टमध्ये चौथी गोष्ट घातली: कारण. पोटासाठी गाव सोडावं लागलेल्यांना सवलत द्यायची, हे प्राचार्यांशी भांडून मान्य करून घेतलं. परीक्षा हुकल्यावर दोघी पुन्हा हैदराबादला गेल्या होत्या. भागम्मा परत वर्गात आली. भाग्यलक्ष्मी हैदराबादलाच राहिली, कामावर. आता शिकून काय करू, असा तिचा निरोप भागम्मानं आणला.

यादी छापून झाली. मॅडमनी भागम्माच्या नावाखाली बोट ठेवलं. लिस्टमध्ये जागा रिकामी राहत नाही. भाग्यलक्ष्मीच्या जागी आता मृत्युंजय नावाचा मुलगा होता.