आत्याच्या लेपाला कुलूप

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला, माझं मलाच सांगायला लाज वाटते. पण चहा पाजलाय तुम्ही, तेव्हा सांगावं तर लागणारच. हसायचं असेल तर शेवटी हसा, मध्येच नको.

माझी पीएचडी कशात चाललीय, माहितीय? व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीच्या सुरक्षेत. डोळ्यांवर चढवायचा तो हेडसेट असतो ना, त्यातली माहिती बाहेर फुटू नये, हा माझा विषय. हे जरा नीट लक्षात ठेवा.

झालं काय, आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्रवाल्यांना गावठी औषधांची नोंद करायची होती. पण औषध देणारी माणसं पाल्याचं नाव काही सांगत नाहीत. का? तर सांगितलं की गुण जातो. मग माझ्या गाईड सरांना कल्पना सुचली. हेडसेटमध्ये खोटी बाग उभी करायची, औषध देणाऱ्यानं तिच्यात फिरून पाला तोडून दाखवायचा आणि ते सगळं कुलूपबंद ठेवायचं. कुलूप करायचं काम माझं. "एक तरी खरं औषध आण, मग पुढचं प्रकरण लिही," असं सरांनी बजावलं.

औषध तर माझ्या घरातच होतं. माझी आत्या सोलापुरात भवानी पेठेत राहते. सासर-माहेर दोन्ही अक्कलकोटकडचं, त्यामुळं अर्धं बोलणं कानडी. कंबर आणि गुडघ्यांसाठी ती लेप देते. रविवारी सकाळी तिच्या बाहेरच्या खोलीत वाकलेल्या माणसांची ओळ लागलेली असते. लेपात काय असतं ते तिनं सख्ख्या सुनेलाही सांगितलेलं नाही. सुरेखावहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून विचारतेय, आणि आत्या तेव्हापासून दाराला कडी लावून वाटायला बसते.

"बेडा गं बाई, नगो," आत्या म्हणाली. "त्या डबड्यातनं फुटलं म्हंजे? गुण गेल्यावर ह्या माणसांनी कुटं जायचं?"

"आत्या, बँकेची तिजोरी फुटेल, हे फुटणार नाही. तुझ्याच आवाजानं उघडायचं ते."

"सुरेखाच्या आवाजानं?"

"वहिनीच्या तर नाहीच नाही."

कितीतरी रविवार मी तिच्या मागं लागले. शेवटी म्हणाली, "तुज्या आज्याकडनं आलंय हे. तुज्यावर इश्वास ठेवते बघ."

तर तो दिवस उजाडला. बाहेर ओळ बसलेली. मी बाहेर जाऊन सगळ्यांना दम भरला, आत महत्त्वाचं संशोधन चाललंय, कुणी आवाज करायचा नाही. मग दार लावलं, खिडकी लावली, दाराखालच्या फटीत टॉवेलसुद्धा कोंबला. एवढी मी काळजीवाली.

हेडसेट घालून आत्यानं आधी कपाटाला धडक दिली. मग "पाल्याला वास न्हाई की गं" म्हणून हटून बसली. मग तोडायच्या आधी झाडाला नमस्कार करायचा म्हणाली, आणि हातात हेडसेटचा रिमोट असल्यामुळं तो काही जमेना. माझं डोकं उठलं होतं. शेवटी एकदाची सांगायला लागली, तेही इतकं हळू की शेजारी उभी राहून मला नीट ऐकू येईना. निर्गुडीचा पाला, न बोलता तोडायचा. एरंडाचं पान. तिळाचं तेल. तव्यावर शेकायचं, दगडी खलात वाटायचं.

आणि बाहेर काय शांतता म्हणता! त्या घरात एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. मला भरून आलं. म्हटलं, आपल्याकडं लोकांना संशोधनाची किंमत आहे.

आभार मानायला मी दार उघडलं. सगळी ओळ टीव्हीकडं तोंड करून बसली होती. टीव्हीवर माझी बाग. बागेत आत्याचे दोन हात. सुरेखावहिनी रिमोट घेऊन सगळ्यांत पुढं.

शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "वैशू, एरंडाचं पान आदी शेकायचं का मागनं? तेवढं नीट दिसलं न्हाई बघ."

आधीच्या रविवारी वहिनीला बाग दाखवायला मीच हेडसेट टीव्हीला जोडला होता. ते हेडसेटच्या लक्षात राहिलं, माझ्या राहिलं नाही. टीव्ही लावल्याबरोबर चित्रासकट आवाज सुरू.

"वहिनी, बंद नाही का करायचा?"

"मी काय मुद्दाम बघितलं व्हय? समोर आलं, दिसलं."

"आणि आवाज वाढवला तो?"

"आत्याबाई लई हळू बोलत होत्या की."

आत्या हेडसेट कपाळावर सरकवून माझ्या मागं येऊन उभी होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती खाली बसली आणि म्हणाली, "गेला गुण." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुम्ही म्हणाल, आता सगळ्या पेठेला कळलंय तर ज्यानं त्यानं आपापला लेप करावा. मीही तेच म्हटलं. पण नाही, घरी केलेला लागू पडत नाही म्हणे, हातगुण लागतो! आणि आत्यानं तर निकालच दिला, "मी आता हात लावनार न्हाई. जिनं गुण घालवला तिनं आनायचा."

तेव्हापासून दर रविवारी मी जुळे सोलापुरातल्या माझ्या घरून स्कूटी काढते आणि ओढ्याला जाऊन निर्गुडी तोडते. न बोलता. नेमका तेव्हाच सरांचा फोन येतो, "काय, कितपत आलं प्रकरण?" मी फोन उचलून तोंड दाबून उभी. सरांना वाटतं मी रडतेय, म्हणून तेच धीर देतात. मग भवानी पेठेत येऊन वाटत बसते. हात सोलून निघालेत, तरी ओळीतलं कुणी ना कुणी म्हणतंच, "आत्यांचा लेप कसा गरम लागायचा."

आणि आत्या? तिला रविवार मोकळा झाला. रिकामं बसवेना, म्हणून तिनं हेडसेट घालून बघितला. आता सकाळी जी बागेत शिरते ती जेवायलाच बाहेर येते.

गेल्या रविवारी ओळ पार जिन्यापर्यंत गेली आणि माझा पाला संपला. घामाघूम होऊन मी आतूनच ओरडले, "आत्या, निर्गुडी संपली गं! आता काय करू?"

बाहेरच्या खोलीतून हेडसेटवाल्या आत्याचा आवाज आला, "वरडतीस कशाला? हितं रग्गड हाय की. पिशवी घिऊन ये."

आणि खरं सांगू? मी पिशवी घेऊन बाहेर आले.