मल्लेशचं जावळ

पाण्याचा ग्लास ती दोन्ही हातांनी घ्यायची. घरातल्या मोठ्यांसमोर प्यायचं झालं तर मान बाजूला वळवायची. सफरचंदाचं साल एकसंध काढायची. प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या त्रिकोणी घड्या घालायची आणि उशीखाली ठेवायची. लाल शाईनं कुणाला तिचं नाव लिहू द्यायची नाही. नवीन माणूस भेटला की आधी त्याच्या केसांकडे बघायची, मग डोळ्यांकडे. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून गच्चीत गुडघे टेकायची. दूधवाला आला की त्यालाही कमरेत वाकून नमस्कार करायची. पहिल्या दिवशी तो घाबरला. नंतर नंतर तोही वाकायला लागला.

तिचं नाव यून-ही. कोरियातल्या देगू शहरातली. वय तेवीस. मावशीच्या ब्यूटी पार्लरमध्ये केस कापायला शिकलेली. तिच्या चर्चनं तिला वर्षभराच्या सेवेसाठी हैदराबादला पाठवलं, सत्त्याण्णव सालच्या जूनमध्ये. इथलं काम बघणारे पास्टरही कोरियाचेच. त्यांनी तारनाक्याला शर्वरीच्या घरची वरची खोली तिच्यासाठी भाड्यानं घेतली.

शर्वरीचे बाबा, श्रीकांतराव, सिकंदराबादला रेल्वेत होते. आई सुलभाबाई घर सांभाळायच्या. शर्वरी नुकतीच साहित्य घेऊन एम. ए. झाली होती. म्हणजे बेकार होती. बाबा म्हणत, जग बदललं, कंप्यूटर शीक. ती शिकत होती. क्लास नसेल त्या दिवशी यून-हीबरोबर वस्तीत जायची, तिचं बोलणं तेलुगूत किंवा दखनीत सांगायला. दोघींची भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी. त्यात पाल्हाळ लावताच यायचा नाही, म्हणून मैत्री लवकर झाली.

समोरच्या कुसुमताईंनी एकदा फाटकातून विचारलं, "तुमच्याकडं चायनावाली राहती म्हणे?"

"चायनाची नाही, कोरियाची," सुलभाबाई म्हणाल्या. "तुमचा नवा टीव्ही जिथून आला ना, तिथलीच. फक्त हिला आवाज कमी आहे."

वस्ती रेल्वे लाइनीच्या पलीकडे होती. तिथे मिशनचा एक पत्र्याचा हॉल. यून-ही तिथे प्लॅस्टिकची खुर्ची मांडायची, पोराच्या गळ्याभोवती जुनी चादर बांधायची आणि कामाला लागायची. उवा काढायच्या, केस कापायचे, नखं कापायची, खरजेला मलम लावायचं. दुपारी पोरांना गाणी शिकवायची. तेलुगूतले दोनच शब्द तिला नीट यायचे. 'कूर्चो' म्हणजे बस आणि 'अयिपोयिंदी' म्हणजे झालं. या दोन शब्दांवर पोरीनं सगळी वस्ती भादरली, असं बाबा म्हणायचे.

पास्टरना थोडी वेगळी अपेक्षा होती. तिनं घरोघर जावं, बोलावं. तिला ते जमायचं नाही. "ही देवाबद्दल चकार शब्द काढत नाही," सुलभाबाई कौतुकानं सांगायच्या. "नुसती नखं कापते." त्यांच्या लेखी हीच तिची भक्ती होती.

वस्तीत मल्लेश नावाचा पाच वर्षांचा मुलगा होता. त्याची आई लक्ष्मम्मा हब्सीगुड्याकडे उठणाऱ्या नव्या फ्लॅटांवर मालाच्या पाट्या वाहायची. दिवसभर पोरगं शेजारणीकडे. त्याला दोन वेण्या होत्या, लाल दोऱ्यानं बांधलेल्या. यून-ही त्याला मुलगीच समजत होती. शर्वरीचंही त्याच्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. वस्तीतली पोरं मात्र त्याला 'आडपिल्ला, आडपिल्ला' म्हणून पळवायची. आडपिल्ला म्हणजे मुलगी.

नोव्हेंबरात एका क्लासच्या दिवशी यून-ही एकटीच गेली होती. मल्लेश आपणहून खुर्चीत येऊन बसला. त्यानं शेजारच्या पोराच्या बारीक कापलेल्या डोक्यावर हात ठेवला, मग स्वतःच्या. मला पण. पोरं खिदळली. एकानं त्याची चड्डी ओढून, हा मुलगा आहे, हे यून-हीला दाखवून दिलं. तिला त्या पोरांचा राग आला. वेण्या सोडल्या तर आत उवा वळवळत होत्या. तिनं केस विंचरले आणि कापले. अगदी नीट कापले, कानांमागून गोलाई देत. मल्लेशनं मानेवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि हॉलभर धावत सुटला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं हे सगळं हातवाऱ्यांनी सांगितलं. ती खूश होती. शर्वरीनं मराठीत सांगितलं आणि सुलभाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं.

"पाच वर्षांचा आहे म्हणतेस, आणि कात्री लागलीच नव्हती?"

यून-ही म्हणाली, नाही, कधीच नाही, ते टोकांवरून कळतं.

"अगं माय," सुलभाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "जावळ होतं ते. नवसाचं असणार."

यून-हीला यातलं काहीच कळलं नाही. फक्त लाटणं खाली ठेवलेलं तिनं पाहिलं.

सकाळी तिघी वस्तीत गेल्या. लक्ष्मम्मा कामावर गेली नव्हती. हॉलच्या दारात बसली होती. तिनं आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, असं शर्वरीला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं. सुलभाबाई शेजारी टेकल्यावर ती तेलुगूत सगळं सांगत गेली, खालच्या मानेनं. मल्लेशच्या आधीची तिची तीन मुलं रांगायच्या आत गेली. चौथ्या वेळी ती कोमुरवेल्लीच्या मल्लन्नाला बोलली, हे जगू दे, याच्या डोक्याला कात्री लावणार नाही, पाच वर्षांचा झाला की तुझ्या दारी आणून सगळे केस तुला देईन. येत्या संक्रांतीनंतरच्या जत्रेला ती जाणार होती. बकरा ठरला होता.

मग तिनं शर्वरीकडे पाहिलं आणि दखनीत विचारलं, "बालां किधर है?"

बालां म्हणजे केस. ते झाडून हॉलमागच्या पोत्यात टाकले होते. त्या पोत्यात सगळ्या वस्तीचे केस होते, दिवाळीपासूनचे. मुलींचे लांब, मुलांचे बारीक, सगळे एकात एक.

उपाय सुलभाबाईंनी काढला. मल्लन्ना म्हणजे आपला खंडोबाच, त्यांचं कुलदैवत. त्याला माणसाची चूक कळते. ते केस त्याच्या पायाशी नेऊन घाल, डोक्यावर उरलेत ते तिथे उतरव, वर नाक घास. लक्ष्मम्मानं बराच वेळ विचार केला. मग ती कबूल झाली. पण केस सगळे पाहिजेत आणि त्याचेच पाहिजेत. दुसऱ्याचा एक नक्को. दुसऱ्याच्या लेकराचे केस आपल्या नावानं देवाला घातले तर ते आणखी वाईट.

शर्वरीनं हे इंग्रजीत सांगितलं. यून-हीनं पोतं खांद्यावर घेतलं आणि चालायला लागली.

त्या दिवसापासून ती गच्चीत उन्हाला बसायची. पांढरी चादर, पोतं, चिमटा. तिनं शर्वरीला शिकवायचा प्रयत्न केला. ज्या केसाला जन्मात कात्री लागली नाही त्याचं टोक निमुळतं असतं, गवताच्या पात्यासारखं. एकदा कापला की टोक बोथट होतं, ते कायमचं. शर्वरीनं डोळे फाडून पाहिलं, तिला सगळे सारखेच दिसले. यून-हीला दिसायचं. नाही दिसलं तर ती केस ओठांना लावून बघायची, त्या घाणेरड्या पोत्यातला. पण हे फक्त शेंड्यांपुरतं. कापताना वरून गळलेल्या बारीक तुकड्यांना निमुळतं टोक नसतंच. ते ती रंगावरून, जाडीवरून ठरवायची आणि खात्री नसली की पुन्हा पोत्यात टाकायची.

पास्टरना कळलं तेव्हा त्यांनी तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. वस्तीतल्या आजाऱ्यांना स्वतःच्या स्कूटरवरून दवाखान्यात पोचवायचा. पण मूर्तीला वाहायचे केस आपण निवडून द्यायचे, हे त्यांना सहन होईना. ते म्हणाले, झालं ते बरंच झालं, त्या पोराचं बंधन तुटलं. यून-हीनं खाली मान घालून ऐकून घेतलं. वाकून नमस्कार केला. परत येऊन चादरीवर बसली. मोठ्यांचा शब्द तिनं त्याआधी कधी मोडला नव्हता.

त्या दुपारी शर्वरी चहा घेऊन वर गेली. यून-ही निवडता निवडता बोलायला लागली. त्यांच्या शास्त्रात एक बाई आहे. तिला मूल होत नाही. सवत टोमणे मारते. ती देवळात जाऊन रडते आणि म्हणते, मुलगा दे, मी तो तुलाच देईन, त्याच्या डोक्याला वस्तरा लागू देणार नाही. ही गोष्ट तिनं लहानपणी तिच्या चर्चमधल्या रविवारच्या शाळेत पाठ केली होती. पुढे तिथल्या मुलांना तीच शिकवायची.

"त्या बाईला मी लहानपणापासून ओळखते," ती म्हणाली. "इथे ती रोज माझ्यासमोरून कामाला जात होती. मी ओळखलं नाही."

चहा गार झाला.

डिसेंबरात वस्तीतल्या नळाला गढूळ पाणी आलं. गटाराची आणि पाण्याची लाइन कुठेतरी एक झाली होती. चार-पाच पोरांना कावीळ झाली. त्यांत मल्लेश होता.

वस्तीला कारण शोधावं लागलं नाही. यून-ही दिसली की बाया पोरांना आत ओढायला लागल्या. खुर्ची मांडलेली राहायची, कुणी बसायचं नाही. लक्ष्मम्माच्या दारात ती संत्री घेऊन गेली. शेजारणीनं उंबऱ्यावरूनच हात हलवला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं की हे पाण्यानं झालं, यकृत सुजलंय. बाकीच्या पोरांचे केसही यून-हीनंच कापलेले होते आणि ती बरी होत होती. शर्वरीनं हे तिला पुन्हा पुन्हा समजावलं. ती मान हलवायची आणि चिमटा उचलायची. आता ती ऊन असेपर्यंत जागेवरून उठत नव्हती. केस पुरे झाले तर ताप उतरेल, असं तिला वाटत होतं का? शर्वरीनं विचारलं नाही. तिला स्वतःलाच तसं वाटायला लागलं होतं.

पहाटेचं गुडघे टेकणं बंद झालं होतं. सुलभाबाईंनी एकदा शर्वरीमार्फत विचारलं, "युनी, देवावर रुसलीस का गं?"

ती म्हणाली, "आई, माझा देव मोठा, पण मी त्याला काय सांगू? तिनं दिलेला शब्द मी मोडला."

नाताळाच्या आठवड्यात मल्लेश गेला. हॉलवर कागदी चांदण्या लागल्या होत्या, त्या पास्टरनी स्वतः काढून ठेवल्या. पोराला पुरायला नेलं तेव्हा यून-ही बरीच मागून चालत गेली आणि लांबच उभी राहिली. लक्ष्मम्मानं तिला पाहिलं. बघितलं आणि मान वळवली. एवढंच.

त्याच दिवसांत तिकडून पास्टरना फोन आला. कोरियात पैशाची दाणादाण उडाली होती, बँका बुडत होत्या, चर्चना कुणाचाच खर्च झेपत नव्हता. बाहेर पाठवलेल्या सगळ्या मुलांना परत बोलावलं होतं. तिचं तिकीट जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातलं होतं.

पोरगा गेल्यावर तिनं पोत्याला हात लावला नव्हता. खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायची. सुलभाबाई वर ताट न्यायच्या आणि तसंच परत आणायच्या.

मग एका सकाळी लक्ष्मम्मा फाटकाशी आली. डोक्यावर कामाची चुंबळ होती. शर्वरी बाहेर गेली. मागून यून-ही जिन्यावर येऊन थांबली.

"बालां देओ अम्मा," लक्ष्मम्मा म्हणाली.

शर्वरीला वाटलं, हिचं डोकं फिरलं. तिनं अडखळत विचारलं, आता कशाला?

"पोट्टा गया," लक्ष्मम्मा म्हणाली. "मैं बोली सो बात तो है ना. देवका देवकू देना."

यून-हीला भाषांतर लागलं नाही. ती वर धावत गेली आणि निवडलेले केस पांढऱ्या रुमालात घेऊन आली. लक्ष्मम्मानं गाठ सोडली. केसांवरून बोटं फिरवली. तिच्या तोंडावर पहिल्यांदाच काहीतरी हललं.

"इत्तेच?"

अजून आहेत, शर्वरी म्हणाली, निवडतेय ती.

लक्ष्मम्मानं रुमाल बांधून परत दिला. सगळे झाल्यावर नेईन म्हणाली, जत्रेला निघायच्या आदल्या दिवशी येईन. यून-हीकडे तिनं एकदा नीट पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. माफीही नव्हती. काम सांगितलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि पाट्या वाहायला गेली.

यून-ही पास्टरकडे गेली. संक्रांतीपर्यंत थांबू द्या म्हणाली. ते म्हणाले, तिकीट बदलायला पैसे नाहीत, माझंच परत जायचं पुढच्या महिन्यात ठरतंय. त्यांचेही डोळे लाल होते. ती परत आली आणि चादरीवर बसली. उरलेले सगळे दिवस बसली. ऊन भिंतीवरून सरकलं की चादर सरकवायची. बोटांची टोकं सोलली होती. सुलभाबाई तिला पोरासारखं भरवायच्या. एक घास घेतला की ती मान पोत्याकडे वळवायची.

जायच्या दिवशी बाबांनी रिक्षा आणली. बेगमपेटच्या विमानतळावर दुपारच्या आत पोचायचं होतं. बॅग सुलभाबाईंनीच भरली. बाबांनी खालून हाक मारली, मग पुन्हा मारली. शेवटी शर्वरी वर गेली. यून-ही एक केस उन्हाकडे धरून बघत होती. शर्वरीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो केस ओठांना लावला, थांबली, पुन्हा लावला.

"कळत नाही," ती म्हणाली.

मग उठली आणि जिना उतरली. मागे वळून पाहिलं नाही, वाकून निरोपही घेतला नाही.

शर्वरी थोड्या वेळानं चादर उचलायला गेली. रुमाल ओंजळीएवढाही भरला नव्हता. पोतं निम्म्याच्या वर होतं. दोन्हींच्या मध्ये एक पुंजका पडला होता, अर्धा निवडलेला, आणि त्यावर वाऱ्यानं केस उडू नयेत म्हणून चिमटा ठेवला होता.