सोन्याचा ढीग आणि सलीमचाचांचं गोणपाट

वेरूळ आमच्या घरापासून तासाभरावर. जगभरातून लोक ते बघायला येतात. आम्ही मात्र साडेपाचशे किलोमीटर जाऊन कचरा बघून आलो.

कचरा साधासुधा नव्हे, सोन्याच्या खाणीचा. रायचूरकडे एक खाण कधीची बंद पडली आहे. दळलेल्या दगडाच्या भुग्याचे ढीग तसेच पडून आहेत. त्यात उरलेलं सोनं नव्या पद्धतीनं काढायचं, अशी योजना एका कोटवाल्या साहेबांनी माझ्या धाकट्या भावाला, संतोषला, लॅपटॉपवर दाखवली. लॅपटॉपवर दाखवलेलं खोटं कसं असेल? भागीदारीसाठी हा पठ्ठ्या सोयगावची वडिलांची तीन एकर विकायला निघाला. त्याला माझी सही हवी होती. म्हटलं, आधी ढीग दाखव, मग सही.

तपासायला सोबत सलीमचाचा होते. चाचा झारेकरी, म्हणजे सराफ्यातल्या दुकानांचा केर घेऊन, तो धुऊन त्यातलं सोनं वेगळं करणारे. आता दुकानदार स्वतःच केर जपून ठेवतात, चाचांच्या वाट्याला उंबऱ्याबाहेरची धूळ येते. संतोषनं त्यांना या नव्या कंपनीत 'तज्ज्ञ' म्हणून पगारी नोकरी कबूल केली होती. चाचांनी त्यासाठी नवा सदराही शिवला होता.

पहाटे पाचला पुंडलिकनगरहून निघालो. बीड, तुळजापूर, सोलापूर. रस्ता गुळगुळीत, टोलनाकेही सढळ. मुक्काम विजयपूरला. बाराशेत खोली मिळते, गरम पाणी सकाळी तासभरच. कडक भाकरी, भरलं वांगं आणि शेंगांची चटणी मात्र चुकवू नका, दीडशेत तुडुंब जेवण होतं. गोलघुमट आम्ही गाडीतूनच पाहिला. कचऱ्याला उशीर होत होता.

दुसऱ्या दिवशी दहाला ढिगापाशी पोचलो. टेकडीएवढा पांढुरका भुगा, वर चार बाभळी, त्यावर बकऱ्या. राखणदाराला दखनी येत होती, त्यामुळे चाचांचं लगेच जमलं.

"सोना?" तो हसला. "हर साल दो-चार लोगां आते, थैलियां भरके ले जाते. वापस कोई नै आता."

एवढं ऐकून शहाणा माणूस परत फिरला असता. आम्ही गाडीतून परात काढली.

चाचांनी उतारावर आपलं कामाचं जुनं गोणपाट अंथरलं आणि त्यावर भुगा टाकून पाणी सोडलं. हलकं वाहून जातं, जड गोणपाटात अडकतं. मग गोणपाट परातीत खळबळून त्यांनी परात गोल फिरवली. तळाशी चार पिवळे कण चमकले.

"ताई, बघ! हाय का नाय?" संतोष नाचायचाच बाकी होता.

आणि मी? मुलांना 'वाचल्याशिवाय सही करू नका' असं वर्षानुवर्षं शिकवणारी मास्तरीण. मी गाडीच्या बॉनेटवर जमीनविक्रीचं संमतिपत्र ठेवलं आणि न वाचता सही ठोकली. मनात बांगड्यांची घडणही ठरवून टाकली होती. आता लिहितानाही लाज वाटते.

नमुन्याचं पोतं डिकीत टाकून परत निघालो. चाचा वाटभर मांडीवरचं जुनं गोणपाट चाचपत राहिले. विजयपूरच्या मुक्कामी जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी बीडजवळच्या ढाब्यावर त्यांनी मालकाकडून तांदळाचं रिकामं गोणपाट आणि मोठी थाळी मागून घेतली. नळाखाली आमचा भुगा एकदा धुतला, दोनदा धुतला, तीनदा धुतला. थाळीत काळपट रेती राहिली, बाकी काही नाही.

"वो सोना खदान का नै था, बेटा," चाचा खालमानेनं म्हणाले. "मेरे गोनपाट का था. सराफे का. बीस साल से उसीपे धो रहा."

झारेकरी कामाचं गोणपाट कधी टाकून देत नाहीत. जीर्ण झालं की जाळतात आणि राख धुतात, कारण त्याच्या धाग्याधाग्यात सोनं मुरलेलं असतं. हे चाचांना लहानपणापासून माहीत होतं. नोकरीच्या आनंदात ते नेमकं हेच विसरले.

"चाचा, तुम्ही बोलले नसते तर कुणाला कळणार होतं?" संतोष म्हणाला. "तुमची नोकरी बी गेली ना आता."

"हौ, गई. पन मेरे गोनपाट के भरोसे बाप की जमीन नक्को बेच."

ढाब्यावरचं पिठलं झकास होतं म्हणतात. आमच्या तिघांच्याही ताटात ते तसंच राहिलं. मला चाचांच्या त्या नव्या सदऱ्याकडे बघवत नव्हतं.

आता घरी आहे. पोत्यातला भुगा रीतसर कुठं टाकायचा, ते विचारत फिरतेय, कारण असल्या भुग्यात विषारी रसायनं असू शकतात, हे मला परत आल्यावर वाचायचं सुचलं. तुम्ही जाणार असाल तर गोलघुमट बघा, आत जाऊन बघा.

परवा चाचांनी त्यांच्या अंगणात ते जुनं गोणपाट जाळायला घेतलं, तेव्हा आम्ही दोघंही तिथं होतो. संतोषनं खिशातून संमतिपत्र काढलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि जाळात टाकलं. राख निवल्यावर चाचांनी ती परातीत धुतली. तळाशी पिवळे कण चमकले, चारापेक्षा बरेच जास्त. या वेळी कुणी ओरडलं नाही. चाचांनी ते कागदात बांधले आणि सराफ्यातल्या दुकानांचे उंबरे झाडायला निघून गेले.