नंदकुमार सरांचा बसका ड्रोन

अंधेरीच्या एका कॉलेजात नंदकुमार सर सव्वीस वर्षं चित्रकला शिकवतायत, असं कागदावर आहे. खरं काम म्हणजे सर्टिफिकेटांवर वळणदार अक्षरात नावं घालणं, रांगोळी स्पर्धेला परीक्षक म्हणून बसणं आणि पाहुणे आले की स्वागताचा फळा रंगवणं. वर्गात पोरं येतात पाच. त्यातली दोघं पंख्याखाली झोपायला.

यंदा प्रिन्सिपल शुभा मॅडमनी सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत तीस पोरं दिसली नाहीत तर वर्ग बंद, त्या खोलीत पॉडकास्ट स्टुडिओ. उपायही त्याच घेऊन आल्या, कुठल्याशा सेमिनारमध्ये समोशाबरोबर मिळालेला. ड्रोन! पोरांना वरून जग दाखवा, मग बघा कशी चित्रं काढतात. सरांनी वर्गासाठी एक साधं स्टूल मागून तीन वर्षं झाली होती. ते काही आलं नाही. ड्रोन आठ दिवसांत आला, हार घालून, नारळ फोडून.

पोरं आली ना. तीस कसली, चाळीस. सगळी गच्चीवर, मोबाईल वर करून. सरांनी बटण दाबलं तर पंखे हललेसुद्धा नाहीत. स्क्रीनवर लाल पट्टी, विमानतळाजवळ उड्डाणाला बंदी. कॉलेजवरून इतकी विमानं जातात की लेक्चर मध्येच थांबवावं लागतं, पण ड्रोन घेताना हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

सर कधी खोटं न बोलणारा माणूस. त्या दिवशी बोलले. म्हणाले, बॅटरी बसलीय, शनिवारी उडवू, तोवर याचं चित्र काढा. आणि ड्रोन नेऊन ठेवला टेबलावर, माठ आणि दोन वांग्यांच्या मध्ये.

शनिवारी रिमोट बिघडला. पुढच्या शनिवारी वारा फार. पोरं शिव्या घालत येत राहिली आणि चित्रं काढत राहिली. मुलुंडला घरी जाऊन सर बायकोला म्हणाले, मी पोरांना फसवतोय गं. ती म्हणाली, सव्वीस वर्षं खरं बोललात, किती जण आले?

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी शुभा मॅडम डोकी मोजायला दारात येऊन उभ्या राहिल्या. नेमकं तेव्हाच स्वरदाने तोंड उघडलं. ही म्हणजे पंख्याखाली झोपणाऱ्या दोघांपैकी एक.

"सर, मी नकाशा बघितला. आपलं कॉलेज रेड झोनमध्ये आहे. हा इथून कधीच उडणार नाही ना?"

"नाही," सर म्हणाले. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

सरांनी मॅडमकडे बघितलंच नाही. आता संपलंच म्हणून ते ड्रोन उचलून खोक्यात ठेवायला गेले.

"ओ सर, हात नका लावू ना," स्वरदा करवादली. "वांग्यावर सावली पडलीय त्याची. तेवढीच राहिलीय माझी."

चौतीस डोकी परत कागदात गेली. मॅडमनी मोजली.

वर्ग वाचला. मॅडमनी अहवाल केला, ड्रोनमुळे कलाशिक्षणाने कशी गगनभरारी घेतली त्याचा. आणि मुखपृष्ठावरचं 'गगनभरारी' सरांकडूनच लिहून घेतलं, वळणदार अक्षरात. उभ्याने. कारण स्टूल अजून आलेलं नाही.