हात मागे घ्या, दादा

माझ्या पत्नीचा आवाज त्यांनी पुसून टाकला, आणि आज त्याच हातांनी तिच्या फोटोला हार घातला.

सुनंदाला जाऊन आज वर्ष झाले. सुप्याच्या एका कारखान्यात ती इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर होती. पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये कामगाराचा हात राहिला, तर त्याला सावध करणारे सर्किट तिने बनवले होते.

बझर तिला मान्य नव्हता. मशीनने बोललेच पाहिजे, हा तिचा हट्ट.

मी वाणिज्य शाखेचा. विचारले, "एवढीशी चिप बोलते कशी?"

तिने टेबलफॅनचे बटण भराभर चालू-बंद केले.
"अहो, पंखा काय करतोय?"
"हळू फिरतो आहे."
"चिपलाही चालू आणि बंद एवढंच येतं. चालू जास्त वेळ ठेवलं की सरासरी चढते, कमी ठेवलं की उतरते. हे सेकंदाला हजारो वेळा करायचं, आवाजाच्या चढउताराप्रमाणे. पुढचा छोटा फिल्टर झटके गाळतो. स्पीकरपर्यंत पोचते ती फक्त लाट."
"आणि बटण बिघडले तर?"
"तर नवीन पंखा आणा. कधीची सांगतेय!"

त्या लाटेत तिचा स्वतःचा आवाज होता. किंचित घोगरा.
"हात मागे घ्या, दादा."

तिचे साहेब म्हणाले होते, "मेमरी कमी आहे, 'दादा' काढा."
जागा वाचवायला तिने आवाजाचा दर्जा उतरवला. 'दादा' ठेवले.

आज तो आवाज ऐकण्यासाठी मी कारखान्यात गेलो.
प्रेस नुसती टीं टीं करत होती.

मॅनेजर म्हणाले, "सर, गैरसमज नको. गेलेल्या माणसाचा आवाज मशीनमधून येणं... अशुभ वाटतं लोकांना."
"कोणत्या लोकांना?"
ते तिच्या फोटोवरचा हार सरळ करू लागले.
"मूळ रेकॉर्डिंग?"
"मॅडमचा लॅपटॉप फॉरमॅट झाला, सर."

प्रेसवर काम करणारे महादू गेटपर्यंत सोबत आले.
"सर, हितं समद्याच मशिनी टीं टीं करत्यात. कुनाचं ध्यान जातंय? मॅडमनी दादा म्हनलं की हात आपसूक मागं यायचा."

अशुभ काय असते, मॅनेजरसाहेब? मृत स्त्रीचा आवाज, की जिवंत माणसाची तुटलेली बोटे?

तो हार काढा. चिपमध्ये पुन्हा माणसाचा आवाज भरा. तिचा आता मिळणार नाही, महादूंचा भरा.
मात्र 'दादा' गाळू नका.

सुनंदा, आज रागातच निरोप देतो आहे.
श्रद्धांजली ती प्रेस पुन्हा बोलेल त्या दिवशी वाहीन.