बस्ता बांधल्याशिवाय

भानुदास अण्णा साडी उलगडून दाखवत नसत. घडी उजव्या हातात धरायची, मनगटाला एक हिसडा द्यायचा, की साडी गादीवर सरसर उघडत जाई आणि जिच्यासाठी ती बघायची, पदर नेमका तिच्याच मांडीवर जाऊन पडे. शेजारी बसलेल्या मावशीच्या किंवा सासूच्या मांडीवर कधी नाही. गुलमंडीतल्या आमच्या कापडाच्या दुकानात मी नोकरीला लागलो, तेव्हा सुरुवातीला काम सोडून मी हेच बघत उभा राहायचो. शेवटी अण्णाच म्हणाले, "मॅचिंगवाले, हितं बघत बसायचा पगार मिळत नसतो."

माझ्याकडे ब्लाउजपीस आणि फॉलचं काउंटर होतं, म्हणून मी मॅचिंगवाला. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला शेवटपर्यंत शंका होती. अण्णा बुटके, अंगानं भरलेले, पांढरा शर्ट आणि कपाळावर बुक्क्याचा ठिपका. राहायला पुंडलिकनगरला, पण सुटीच्या दिवशीही चक्कर दुकानाकडेच. गिऱ्हाईक पायरीवर दिसलं की कोणत्या भाषेत बोलायचं हे त्यांचं ठरलेलं असे. खेड्यातून आलेल्या बाईला "या माय, बसा, पंखा लावतो" म्हणत. बुरखा घातलेल्या बाईला म्हणत, "आपा, पसंद नै आया तो बोल देव, और निकालता मैं." आणि निवृत्त मास्तरणी आल्या की अशी काही शुद्ध भाषा काढत, की मला काउंटरखाली तोंड लपवून हसावं लागे. मला शिकवताना मात्र एवढंच सांगायचे, "गिऱ्हाईक नाय म्हणलं म्हंजी त्याला अजून बघायचंय. उठून गेलं तर खरं नाय."

पण अण्णांचं खरं राज्य म्हणजे लग्नाचा बस्ता. आमच्याकडे दोन्ही घरची माणसं एकत्र येऊन लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घेतात. नवरीचा शालू, मग मानाच्या साड्या, मग आहेराच्या, शेवटी पुरुषांचे टॉवेल, टोप्या आणि फेटे. हे चांगलं दिवसभर चालतं. सगळं घेऊन झालं की एका मोठ्या कापडात गाठोडं बांधून त्याला हळदीकुंकू लावायचं. अण्णांचा नियम असा, की ज्यानं बस्ता सुरू केला त्यानंच तो बांधायचा, मधे गादी सोडायची नाही. चहा गादीवर, जेवण पुढे ढकलायचं. "अर्ध्या बस्त्यातून उठलं की संसारात अर्धवट राहतं," असं ते गिऱ्हाइकांना इतक्या गंभीरपणे सांगत, की लोक त्यांच्यासाठी ताटकळत बसत. हा नियम शास्त्रातला की अण्णांचा स्वतःचा, हे मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "धंद्यात लई खोल इचारू नये."

आजारपणाचंही त्यांचं असंच होतं. बीपीची गोळी आठवली तर घेत. सर्दी-तापाला तर ते मोजतच नसत. "सर्दीला सुट्टी दिली की ती पाव्हण्यासारखी मुक्कामाला ऱ्हाती," असं म्हणून काळ्या मिऱ्याचा काढा ढोसायचा आणि गादीवर बसायचं.

त्या वर्षी लग्नसराई आणि तापाची साथ एकदमच आली. दुकानात निम्मे लोक खोकत होते, उरलेले खोकून बरे झालेले. अण्णांना आठवडाभर ताप होता. अंग मोडून आलेलं, आवाज बसलेला, तरी रोज हजर. काकू, म्हणजे त्यांची बायको, रोज सकाळी भांडून त्यांच्या खिशात तापाची गोळी घालत.

अशातच अजिंठ्याकडची एक मंडळी बस्त्याला आली. नवरी, तिची आई, मामा आणि नवऱ्याची आत्या. शालूवरच दुपार झाली. शेवटी नवरीला वांगी रंगाचा, पोपटी काठाचा शालू आवडला आणि अण्णा मानाच्या साड्यांकडे वळले. त्यांनी एक साडी टाकली आणि पदर मामांच्या मांडीवर जाऊन पडला. सगळी बैठक हसली. "मामाला नेसवता का काय अण्णा?" आत्या म्हणाली. अण्णाही हसले, पण हसू तोंडाच्या एकाच बाजूला होतं. मला ते दिसलं. तापानं चेहरा ओढलाय असं वाटलं.

मग ते मला म्हणाले, "ते पाणी काढ, वरचं." बोट साड्यांच्या फळीकडे होतं. मी म्हणालो, "अण्णा, ताप चढलाय. घरी जा, मी बघतो पुढचं." त्यांनी मान हलवली. "बस्ता... बांधल्या... शिवाय..." पुढचं आलं नाही, पण ते सगळ्यांना पाठ होतं. नवरीची आई काकुळतीनं म्हणाली, "चहा घ्या, जरा टेका, पन मधीच उठू नका बरं का अण्णा. पोरीचं लगीन हाय." आत्या म्हणाली, "ताप डोस्क्यात गेलाय. कपाळावर वली पट्टी ठिवा." मी माझ्या काउंटरवरचं पांढऱ्या सुती कापडाचं एक टोक फाडलं, माठातल्या पाण्यात भिजवलं आणि अण्णांच्या कपाळावर ठेवलं. गल्ल्यावर बसलेल्या शेठनी औषधाच्या दुकानातून आणखी एक गोळी मागवली. कुणाचंही मन वाईट नव्हतं. ताप होता, आणि जे काही होत होतं ते तापाच्या नावावर खपत होतं.

अण्णांनी उरलेला बस्ता डाव्या हातानं पुरा केला. शेवटी गाठ मारायची वेळ आली, तेव्हा उजवा हात मांडीवर पडून होता. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी तो ढकलला. कापडाचं एक टोक दातांत धरलं, दुसरं डाव्या हातात, आणि गाठ मारली. हळदीकुंकू लागलं. मंडळी पाया पडून गेली. मग अण्णा उठायला लागले आणि उजवा पाय त्यांच्याबरोबर आलाच नाही.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, "हे कधी सुरू झालं?" मी म्हणालो, "दुपारी. पदर मामांच्या मांडीवर पडला तेव्हा." बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं, ती वेळ निघून गेलीय, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "आधी ताप, खोकला होता का?"

निरोप मिळताच धावत आलेल्या काकूंचा संताप झाला. "अवं बाई, हात गेलाय त्यांचा, आन् तुमी खोकल्याचं काय इचारायल्या? तापानं हात जातो व्हय?"

"जाऊ शकतो," बाई शांतपणे म्हणाल्या. असा ताप नुसता छातीत राहत नाही. रक्तवाहिन्या आतून सुजतात, रक्त गोठायला लागतं. ज्याला बीपी आहे, वय झालंय, त्याला त्या दिवसांत अर्धांगाच्या झटक्याचा धोका वाढतो, आणि ताप उतरल्यावरही काही आठवडे राहतो. सगळ्यांना होतं असं नाही. पण तापाच्या माणसाचं तोंड वाकडं झालं, हात पडला, शब्द भलताच आला, तर तो ताप नव्हे, तेव्हा तडक आणायचं. काकू ऐकत होत्या आणि पदराचा बोळा तोंडाशी धरून मान हलवत होत्या. मला कपाळावरची ती ओली पट्टी आठवत होती.

अण्णा दवाखान्यात असतानाच अजिंठ्याची मंडळी परत आली. मामा पुढे, मागे नवरीचे वडील, आणि हातात तेच गाठोडं. गाठसुद्धा सोडलेली नव्हती. वडील खाली बघत म्हणाले, "शेठ, राग मानू नका. पन ज्यानं बस्ता बांधला त्याचा हातच गेला. पोरीच्या अंगावर ते कापड कसं घालावं? बदलून द्या." शेठनी बदलून दिलं, धंदा होता. मी तिथून उठून मागच्या गल्लीत गेलो. मला त्या माणसांना धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. ज्यांच्या पोरीचं अर्धवट राहू नये म्हणून तो माणूस तिथे बसून राहिला, त्यांनाच त्याच्या गाठीचा विटाळ झाला होता. रागावूनही काही उपयोग नव्हता, कारण ती भीती त्यांना आम्हीच तर विकली होती. अण्णांना यातलं काही सांगायचं नाही, असं शेठनी बजावलं. कपडे मुकाट्यानं परत फळ्यांवर गेले.

अण्णांचा पाय काठी घेऊन चालण्याइतका सुधारला. हात नाही. त्यांना सगळं समजायचं, पण तोंडातून नुसते आवाज यायचे, कधी भलताच शब्द. भाकरी हवी असली की "रिक्षा" म्हणायचे आणि चुकलं हे कळून स्वतःच डोळे मिटून घ्यायचे. तीन तऱ्हांनी बोलणारा माणूस असा बसलेला बघवत नसे. पुढच्या सराईत ते हट्टानं दुकानात यायला लागले. शेठनी गादीशेजारी खुर्ची टाकली. जुनी गिऱ्हाइकं भेटायला येत आणि ते बहिरे असल्यासारखी मोठ्यानं बोलत. अण्णा हसून घ्यायचे.

त्यानंतर ते फार जगले नाहीत. थंडीत पुन्हा खोकला धरला, पुन्हा झटका आला. या वेळी काकूंनी क्षणभरही घालवला नाही, तरी अण्णा गेले. त्याबद्दल मला जास्त लिहवत नाही. त्याआधीचा एक दिवस मात्र सांगायचाय.

अण्णांची गादी आता माझ्याकडे होती. एक मोठा बस्ता चालू होता आणि मला ताप होता. खोकत होतो, गोळी घेऊन बसलो होतो, कारण सराईत कोण घरी बसतं? मी फळीवरून हाताला येईल तो शालू ओढला आणि टाकला. वांगी रंग, पोपटी काठ. माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. खुर्चीवर अण्णा पुढे झुकून बघत होते. आपण विकलेला कपडा अण्णा विसरत नसत.

"अण्णा, त्या अजिंठ्याच्या मंडळींनी नुसतं रंगासाठी बदलून..." मी सुरू केलं. त्यांनी डावा हात वर करून मला थांबवलं. काठी टेकत ते गादीपाशी आले, कष्टानं खाली बसले आणि शालूचा काठ बोटांत घेऊन बघत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. नवीन मंडळी गोंधळून एकमेकांकडे बघत होती.

मला खोकल्याची उबळ आली. अण्णांनी मान वळवली. डावा तळवा माझ्या कपाळावर ठेवला आणि तसाच धरून ठेवला. मग माझ्यापुढच्या सगळ्या उघड्या साड्या त्या एका हातानं त्यांनी आपल्याकडे ओढल्या आणि दाराकडे बोट केलं.

नवरीचे वडील चमकून म्हणाले, "आवं, बस्ता अर्धा ऱ्हायला की. असं मधीच उठत्यात व्हय?"

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचे ओठ हलत होते, जबडा वाकडा होत होता, काहीतरी आतून वर यायला धडपडत होतं. मला वाटलं, आता पुन्हा भलताच शब्द येणार.

"जा," ते म्हणाले. अगदी स्पष्ट.

मी अर्ध्या बस्त्यातून उठलो आणि दवाखान्यात गेलो.